आधी शब्द ठरवू, मग खेळू

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने "इतिहासावर काहीतरी लिहा" एवढंच सांगितलं. आपल्या सोसायटीचा इतिहास याच अंकात इतर सभासदांनी लिहिलेला आहे. भूखंड, बिल्डर, टँकरचं पाणी, लिफ्टची वर्गणी, सगळं त्यात आलंय. म्हणून मी वेगळाच इतिहास निवडलाय. तो एका खेळाचा आहे, आणि खेळ सुरू करण्याआधी माणसं शब्दांचे अर्थ कसे ठरवतात याचा आहे. विषय थोडा लांबचा वाटेल, पण शेवटी तो आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेतच येऊन पोचतो. तेव्हा धीर धरावा, ही विनंती.

नियम बदलणं हीच चाल

१९८२ साली पीटर सूबर नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने 'नॉमिक' नावाचा खेळ जगापुढे आणला. सूबर तेव्हा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात अर्लहॅम कॉलेजात शिकवत होते. ग्रीक भाषेत 'नोमोस' म्हणजे कायदा, त्यावरून हे नाव. त्या वर्षीच्या जून महिन्यात डग्लस हॉफस्टॅडर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात या खेळाची ओळख करून दिली. पुढे १९९० साली सूबर यांचं स्वतःला दुरुस्त करणाऱ्या कायद्यांविषयीचं पुस्तक आलं, त्याच्या परिशिष्टातही हा खेळ दिलेला आहे.

सूबर यांच्यापुढचं कोडं असं होतं. राज्यघटनेत घटनादुरुस्ती कशी करायची हे सांगणारं एक कलम असतं. मग ते कलम स्वतःलाच दुरुस्त करू शकतं का? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. आपल्या घटनेतलं असं कलम म्हणजे ३६८. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींनी ७ विरुद्ध ६ अशा मतांनी ठरवलं, की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. त्या खटल्यात 'दुरुस्ती' या एका शब्दात काय काय मावतं यावरच केवढा तरी वाद झाला होता.

सूबर यांनी हे कोडं खेळात उतरवलं. बुद्धिबळात आपण प्यादी हलवतो, रमीत पत्ते टाकतो. नॉमिकमध्ये आपली पाळी आली की आपण एक नियमबदल सुचवायचा. तो लिहून मांडायचा, त्यावर चर्चा करायची, मग मतदान. त्यानंतर एक फासा टाकायचा आणि पडतील तेवढे गुण आपल्या नावावर लावायचे. ज्याचे १०० गुण आधी होतील तो जिंकला. पण हे सगळे सुरुवातीचे नियम, आणि तेच तर बदलायचे असतात.

सुरुवातीला एकूण २९ नियम दिलेले आहेत. १०१ ते ११६ क्रमांकाचे १६ नियम पक्के, आणि २०१ ते २१३ क्रमांकाचे १३ नियम कच्चे. पक्का नियम सरळ बदलता येत नाही. आधी एकमताने त्याला कच्चा करून घ्यावं लागतं. कच्च्या नियमांना हात लावण्यासाठीही सुरुवातीला एकमतच लागतं. मात्र दोन पूर्ण फेऱ्या झाल्या आणि तोवर ती अट कुणी बदलली नाही, तर ती आपोआप सैल होते आणि साधं बहुमत पुरतं. ही बाब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खेळाडू म्हणजे कोण?

आता गंमत पाहा. या २९ नियमांत फार थोड्या शब्दांची व्याख्या आहे. 'नियमबदल' म्हणजे काय ते १०३ क्रमांकाच्या नियमात नीट सांगितलंय: कच्चा नियम नव्याने करणं, रद्द करणं किंवा दुरुस्त करणं, तसंच कच्च्याचा पक्का किंवा पक्क्याचा कच्चा करणं. 'पाळी' म्हणजे काय, तिचे दोन भाग कोणते, हेही आहे. ज्या क्रियेवर सगळा खेळ चालतो तिचा अर्थ आधी बांधून घेतला, हे सूबर यांचं शहाणपण.

पण 'खेळाडू' म्हणजे कोण हे कुठेच सांगितलेलं नाही! प्रत्येक खेळाडूला एक मत आहे, प्रत्येक खेळाडूने नियम पाळलेच पाहिजेत, हे आहे. खेळ अर्धा झाल्यावर शेजारचा माणूस खुर्ची ओढून बसला तर तो खेळाडू झाला का? एखादा उठून घरी गेला आणि काही बोललाच नाही, तर तो अजून खेळाडू आहे का? एकमत मोजताना त्याला धरायचं का? टेबलाभोवती पाच जण बसलेत तोवर हे प्रश्न कुणाला पडत नाहीत, कारण सगळ्यांना सगळे दिसत असतात.

आपल्याकडच्या मुलांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. लपाछपी खेळताना चार वर्षांचं धाकटं भावंड मागे लागलं की त्याला 'कच्चा लिंबू' करतात. तो पळेल, लपेल, ओरडेल, पण सापडला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. म्हणजे खेळाडूंचे दोन प्रकार झाले, आणि ते खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांदेखत जाहीर झाले. धाकट्याला वाईट वाटत नाही आणि मोठ्यांचं भांडण टळतं. आपल्या सहकार कायद्यातही सभासद, सहयोगी सभासद आणि नाममात्र सभासद असे प्रकार आहेत. पण किती घरांत विचारलं तर फरक सांगता येईल? "मी राहतो इथे, मेंटेनन्स भरतो, म्हणजे मी सभासदच" असं आपल्याकडचे भाडेकरूही मनापासून मानतात. त्यात त्यांचा काही दोष नाही. आपण कधी सांगितलंच नाही.

बँकेत ३४ वर्षं नोकरी केल्यामुळे मला हा विषय जवळचा. संयुक्त खात्याच्या फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' आणि 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असे दोन पर्याय असतात. फरक एका शब्दाचा. पहिल्यात दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतं. दुसऱ्यात पहिलं नाव असलेली व्यक्ती हयात आहे तोवर फक्त तीच काढू शकते. खातं उघडताना नवरा-बायको हसत हसत कुठेतरी खूण करतात. अर्थ कळतो तो हॉस्पिटलच्या बिलाच्या वेळी. तारण, गहाण आणि नजरगहाण यांचंही तसंच. माल बँकेच्या ताब्यात की कर्जदाराच्या, हे त्या शब्दावर ठरतं. कर्ज फिटत असतं तोवर तिन्ही शब्द सारखेच वाटतात.

हुतुतूची कबड्डी कशी झाली

अनेक माणसांनी मिळून खेळाचे शब्द ठरवले, याचं आपल्या मातीतलं उत्तम उदाहरण म्हणजे कबड्डी. महाराष्ट्रात हुतुतू, तमिळ मुलखात चेडुगुडु, बंगालात हाडुडु, उत्तरेकडे कबड्डी. खेळ ओळखीचा, पण नावं निराळी आणि नियमही निराळे. गावातल्या गावात खेळताना अडचण नव्हती. दुसऱ्या प्रांताच्या संघाशी सामना ठरला की पहिला प्रश्न: गडी 'मेला' म्हणजे काय?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. तीन उत्तरं होती आणि तिन्ही निरनिराळ्या खेळात नेतात. 'संजीवनी' प्रकारात मेलेला गडी बाहेर बसतो, पण आपल्या संघाने समोरचा गडी मारला की तो पुन्हा जिवंत होऊन आत येतो. 'गामिनी' प्रकारात मेलेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. 'अमर' प्रकारात गडी मरतो, गुण मोजला जातो, पण तो मैदान सोडतच नाही. एका गावाच्या 'मेला'त आणि दुसऱ्या गावाच्या 'मेला'त एवढं अंतर! हे न ठरवता सामना लावला, तर दोन्ही संघ प्रामाणिकपणे खेळूनही शेवटी हाणामारीच.

१९१८ च्या सुमारास साताऱ्याकडच्या क्रीडाप्रेमी मंडळींनी खेळाला एक ठराविक रूप द्यायचं काम हाती घेतलं. १९२३ साली बडोद्यात हिंद विजय जिमखान्याने नियम छापले आणि त्यानुसार स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली, त्यात हा खेळही होता. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा पदकाचा खेळ म्हणून समावेश झाला आणि सुवर्णपदक आपल्याला मिळालं.

या प्रवासात महाराष्ट्राने एक गोष्ट सोडली, ती म्हणजे 'हुतुतू' हे नाव. चढाई करणाऱ्याने तोंडाने कोणता शब्द घोकायचा हेही ठरलं: 'कबड्डी'. म्हणजे इथे शब्द नियमपुस्तकातच राहिला नाही, तो खेळाडूच्या दमात गेला. आजोळी हुतुतू खेळलेल्या माझ्या पिढीला ते थोडं टोचलं असेल. पण संजीवनीसारखी गडी जिवंत करण्याची पद्धत मुख्य खेळात राहिली, लोण राहिलं, निदानरेषा राहिली. नावाचा हट्ट सोडून खेळ देशभर नेला, हा सौदा मला तरी फायद्याचा वाटतो.

यातला मुद्दा असा, की कुणाचा शब्द खरा हे सिद्ध करण्यात कुणी वेळ घालवला नाही. 'मेला'चे तिन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबरच होते. प्रश्न एवढाच होता की एकत्र खेळायचं तर कोणता घ्यायचा.

बागेतलं वाहन

मग सगळ्याच शब्दांच्या व्याख्या करून टाकल्या की झालं, असं कुणी म्हणेल. तसं होत नाही. १९५८ साली एच. एल. ए. हार्ट या ब्रिटिश कायदेपंडितांनी एक साधं उदाहरण दिलं, ते आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. नियम आहे: 'बागेत वाहन आणण्यास मनाई.' मोटारगाडी आणता येणार नाही, हे उघड आहे. पण सायकल? रोलर स्केट्स? लहान मुलाची खेळण्यातली मोटार? हार्ट म्हणाले, प्रत्येक शब्दाला अर्थाचा एक पक्का गाभा असतो आणि त्याभोवती अंधूक कडा असते. वाद त्या कडेवर होतात.

अमेरिकेतले लॉन फुलर यांनी त्यांना लगेच उलट प्रश्न टाकला. समजा काही देशभक्तांनी दुसऱ्या महायुद्धातला, चालू स्थितीतला एक लष्करी ट्रक बागेत चौथऱ्यावर स्मारक म्हणून बसवायचा ठरवला, तर तो गाभ्यात की कडेवर? ट्रक म्हणजे वाहनच, यात शंका नाही. तरीही मनाई त्याच्यासाठी नव्हती. म्हणजे शब्द कळायला नियम कशासाठी केला तेही माहीत असावं लागतं.

आपल्या बागेच्या पाटीवरही जवळजवळ हेच वाक्य आहे. नव्या वॉचमनने एकदा ए विंगमधल्या आजींची व्हीलचेअर दारात अडवली होती, आणि त्याच वेळी आत एक बॅटरीवरची छोटी जीप फुलझाडांवरून फिरत होती. वॉचमनने पाटी वाचली होती आणि त्याने आपलं काम चोख केलं होतं. पाटीवर "मुलांच्या आणि वृद्धांच्या सुरक्षिततेसाठी" एवढे शब्द आधी असते तर त्यालाही निर्णय सोपा गेला असता. तेव्हा व्याख्येसोबत हेतूही लिहावा.

नॉमिकमध्येही सूबर यांनी हे ओळखलं होतं. नियमाच्या अर्थावरून वाद झाला तर ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा खेळाडू न्यायाधीश होतो. त्याचा निर्णय फिरवायचा तर बाकी सगळ्यांचं एकमत लागतं. आणि शब्दांचा असा गुंता झाला की एखादी चाल वैध की अवैध हे कुणालाच ठरवता येत नाही, तर ज्याला आपली पाळी पुरी करता येणार नाही असा पहिला खेळाडू जिंकतो! खेळात हे गमतीचं आहे. सोसायटीत मात्र गुंता झाला की कुणीच जिंकत नाही, फक्त वकिलाची फी लागते.

'करता येणार नाही' म्हणजे नेमकं काय?

नॉमिकचे पुढे अनेक अवतार झाले. त्यातला 'अगोरा' नावाचा खेळ १९९३ पासून वेगवेगळ्या देशांतले लोक संगणकावरून खेळत आले आहेत. इतकी वर्षं नियम करता करता त्या मंडळींना एक भेद नियमातच लिहून ठेवावा लागला. एखादी गोष्ट 'अशक्य' आहे, म्हणजे केली तरी ती झालीच नाही असं धरायचं. आणि एखादी गोष्ट 'निषिद्ध' आहे, म्हणजे केली तर ती होते, पण करणारा दोषी ठरतो. या दोन्हींसाठी त्यांनी वेगवेगळे शब्द पक्के केले.

आता आपली मराठी घ्या. "सोसायटीला लेखी कळवल्याशिवाय सदनिका भाड्याने देता येणार नाही." कुणी न कळवता दिली. मग काय झालं? भाडेकरू भाडेकरूच नाही, त्याला गेटवर अडवायचं? की भाडेकरू आहे, पण मालकाने दंड भरायचा? 'येणार नाही' या क्रियापदात दोन्ही अर्थ बसतात. आपल्या जुन्या ठरावांच्या वहीत ही शब्दरचना जागोजाग आहे. ठराव लिहिताना सचिवांच्या मनात एक अर्थ असतो, वाचणाऱ्याच्या मनात दुसरा. यापुढे "करू नये, केल्यास अमुक दंड" किंवा "केल्यास ते ग्राह्य धरले जाणार नाही" असं स्पष्ट लिहिलं तर अर्धी भांडणं कमी होतील.

गॅरेज या शब्दाचा खटला

एका शब्दावर किती अवलंबून असतं, याचं गृहनिर्माण संस्थांच्या इतिहासातलं गाजलेलं उदाहरण मुंबईच्या दहिसर भागातलं. तिथल्या पांचाली सोसायटीच्या इमारतीखाली स्टिल्टमध्ये २५ पार्किंगच्या जागा होत्या. बिल्डरचं म्हणणं, या जागा माझ्या, मी त्या स्वतंत्रपणे विकू शकतो. आधार काय? १९६३ च्या महाराष्ट्राच्या मोफा कायद्यात 'फ्लॅट'च्या व्याख्येत 'गॅरेज'ही धरलेलं आहे. स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज, आणि म्हणून ती विकता येते, असा तो युक्तिवाद.

प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल लागला: खांबांमधली उघडी जागा म्हणजे फ्लॅट नव्हे आणि गॅरेजही नव्हे. ती इमारतीच्या सामाईक जागांत मोडते, बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही. मोफा कायद्यात 'गॅरेज'ची व्याख्या दिलेली नव्हती, म्हणून सामान्य माणूस त्या शब्दाने काय समजतो हे न्यायालयाला पाहावं लागलं. पुढे २०१६ च्या रेरा कायद्यात ती उणीव भरून निघाली. गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली वाहन ठेवण्याची जागा. उघडं पार्किंग त्यात येत नाही. १९६३ ते २०१६ म्हणजे ५३ वर्षं. तेवढा काळ एक शब्द मोकळा राहिला आणि त्या मोकळ्या जागेत किती व्यवहार झाले असतील, याचा विचार करावा.

त्याच रेरा कायद्यात 'कार्पेट एरिया'चीही व्याख्या आहे. घरात प्रत्यक्ष वापरता येण्याजोगं क्षेत्र, त्यात आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. 'सुपर बिल्ट-अप' या लाडक्या शब्दाला मात्र त्या कायद्यात जागा नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांनी घरं घेतली ती मात्र याच शब्दावर!

आपली दहा शब्दांची यादी

आता घरची गोष्ट. नावं सांगत नाही, पण जुन्या सभासदांना आठवेल. आपल्याच सोसायटीत "बाहेरील पाइपची गळती सोसायटी दुरुस्त करील" असा एक ठराव होता. एका बाथरूमच्या पाइपमधून गळती झाली, खालच्या घराची भिंत भिजली. पाइप भिंतीच्या बाहेरून जात होता, म्हणून वरच्यांचं म्हणणं सोसायटीने खर्च करावा. पाइप एकाच घराचं पाणी नेत होता, म्हणून कमिटीचं म्हणणं त्यांनी करावा. मधल्या मधे खालच्यांच्या भिंतीला बुरशी. खर्च काही हजारांचा. पण त्या दोन घरांत अडीच वर्षं बोलणं बंद होतं. एकमेकांच्या मुलांच्या मुंजी-लग्नाला गेलेली ही माणसं! एका घराने पुढे फ्लॅट विकला. जाताना निरोप घ्यायलासुद्धा कुणी कुणाकडे गेलं नाही.

शेवटी विशेष सभेत एक वाक्य लिहिलं गेलं: "एकापेक्षा जास्त सदनिकांचे पाणी वाहून नेणारा पाइप तो सामाईक, बाकीचे खासगी." चर्चेला लागली १५ मिनिटं. विरोधात एकही मत नव्हतं, कारण त्या दिवशी कुणाचाच पाइप गळत नव्हता. मला यातूनच सगळा लेख सुचला असं म्हटलं तरी चालेल. व्याख्या करायची वेळ ही, पाइप कोरडा असतानाची.

नॉमिकच्या पहिल्या दोन फेऱ्यांची आठवण ठेवा असं मी वर म्हटलं होतं. सुरुवातीला एकमत, नंतर बहुमत. आपल्या सोसायटीचंही तसंच झालंय. पहिल्या काही वर्षांत सगळे एकमेकांना नावानिशी ओळखत होते, 'सगळ्यांना माहीत आहे' यावर कामं भागत होती. आता निम्मी घरं नव्या मालकांची किंवा भाडेकरूंची आहेत. काही मूळ सभासदांची मुलं परदेशात आहेत, सभेला मोबाइलवरून येतात. जे सगळ्यांना माहीत होतं, ते आता निम्म्यांनाच माहीत आहे. उद्या मोठी दुरुस्ती किंवा पुनर्विकास निघाला, तर एका शब्दावर लाखो रुपये इकडचे तिकडे होतील.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने माझी एक सूचना आहे. कमिटीने दहा शब्दांची एक यादी करावी: सभासद, रहिवासी, पाहुणा, सामाईक जागा, सामाईक पाइप, वाहन, थकबाकीदार, क्षेत्रफळ, बहुमत, संमती. उदाहरणार्थ, 'पाहुणा' किती रात्री राहिला की रहिवासी होतो? त्याची गाडी कुठे लावायची? 'बहुमत' म्हणजे हजर असलेल्यांचं की एकूण सभासदांचं? 'संमती' तोंडी चालेल का, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा चालेल का? कायद्यात आणि उपविधीत ज्यांचा अर्थ दिलेला आहे तो जसाच्या तसा, सोप्या मराठीत लिहावा; तो बदलायचा अधिकार आपल्याला नाही. जिथे अर्थ दिलेला नाही तिथे सभेने ठरवावा. प्रत्येकापुढे एका ओळीत हेतू लिहावा. यादी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत नोटीस बोर्डावर लावावी, आणि नवीन कुटुंब राहायला आलं की चावीबरोबर त्यांना द्यावी. दर पाच वर्षांनी ती पुन्हा वाचावी, कारण शब्दही जुने होतात.

कुणी म्हणेल, शेजारधर्म असताना हे कागद कशाला? शेजारधर्म टिकावा म्हणूनच. शब्द स्पष्ट असले की "तुमची नियत वाईट" असं म्हणायची वेळ येत नाही, "यादीत काय लिहिलंय ते पाहू" एवढ्यावर भागतं. कबड्डीवाल्यांनी आधी 'मेला' ठरवला, म्हणून सामना संपल्यावर हात मिळवता येतात.

मुलांसाठीही एक काम सुचवतो. सुट्टीत क्लब हाऊसमध्ये नॉमिक खेळा. कागद, पेन्सिल, फासा आणि चार-पाच मित्र एवढं पुरतं. पहिल्या तासात कोण खेळाडू आणि कोण कच्चा लिंबू यावर भांडाल, दुसऱ्या तासात व्याख्या लिहायला शिकाल. पुढच्या कमिटीचे सचिव त्यातूनच मिळतील, असा माझा अंदाज आहे.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघेल तेव्हा माझ्या पिढीतले फार जण नसतील. त्या अंकात या यादीची दुसरी किंवा तिसरी आवृत्ती छापलेली असावी, एवढीच इच्छा. सर्व सभासदांना, रहिवाशांना आणि पाहुण्यांनाही रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.